फ्रेमबाहेरचा नवरदेव

"सगळं दाखवा. न कापलेलं," नवरदेवाचे वडील म्हणाले.

सेनगावातल्या माझ्या छोट्याशा स्टुडिओत एका बाजूला नवरदेवासकट शिरड शहापूरचा वरपक्ष, दुसऱ्या बाजूला नवरी रूपाली आणि तिचे वडील. लग्न मोडायचं की नाही, हे माझ्या कॉम्प्युटरवर ठरणार होतं. आणि हा सगळा घोळ माझाच होता.

साखरपुड्याचं शूटिंग माझं. नवरदेवाचा भाऊ म्हणाला होता, "भाऊ, त्या डेटिंग शोच्यावानी मसालेदार रील करा." ते शो मी रोज बघतो. त्यात पोरगा दिलखुलास आणि पोरगी जळकी, हे ठरलेलं. मी नवरदेव त्याच्या मामाच्या पोरीशी हसतानाची क्लिप घेतली आणि त्या क्लिपपुढे रूपालीच्या कपाळावरच्या आठ्या जोडल्या. याला रिअॅक्शन शॉट म्हणतात. क्लिप वेगवेगळ्या वेळच्या असल्या, तरी बघणाऱ्याला वाटतं, ती त्यालाच बघून चिडली. रील गावभर फिरली आणि रूपाली लग्नाआधीच 'जळकी सून' झाली.

प्रत्येक क्लिपवर शूटिंगची वेळ असते. मी स्क्रीनवर त्या वेळा दाखवल्या: हसणं दुपारी दीडचं. आठ्या सव्वाबाराच्या.

"मंग आठ्या काहून व्हत्या?" नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं.

मी क्लिप पूर्ण लावली. आचाऱ्याच्या चुलीचा धूर थेट दोघांच्या तोंडावर येत होता. रूपालीचे डोळे बारीक झालेले. शेजारी नवरदेव. त्याच्याही कपाळाला तशाच आठ्या, उलट जरा जास्तच.

"दादा, हे बी हायत की ह्याच्यात," रूपाली मला म्हणाली. "ह्यांना काहून कापलं?"

झूम करून मीच त्याला फ्रेमबाहेर काढलं होतं.

"रीलला चिडकी पोरगीच पायजे होती," मी म्हणालो. मला स्वतःची लाज वाटली.

नवरदेवाचे वडील उठले. "धुराचं व्हतं म्हना. पोरगी बराबर हाय. तारीख कायम."

"थांबा, मामा," रूपाली होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली. "तुमी मला तपासलं. रील फिरली तवापासून आठ दिवसांत ह्यांनी एक फोन करून इचारलं न्हाई. तारखेचं आता मी सांगते."

नवरदेव मान खाली घालून उभा होता. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

रील मी काढली, माफीचा व्हिडिओ टाकला. तो फारसा कोणी पाहिला नाही.

नवरदेव तिच्या घरी एकटा जाऊन बोलला, तेव्हा कुठे तिने तारीख दिली. लग्न झालं. शूटिंगला मला बोलावलं नाही, ते बरोबरच केलं.

आता कोणाचाही चेहरा झूम करण्याआधी शेजारी कोण बसलंय ते बघतो.