सुस्कारे सरांची माघार

आमच्या जर्मन प्रोफेसरांसारखा सुस्कारा सोडणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात नव्हता. त्यांनी एक सोडला की फळ्याखालची खडूची पूड उडायची आणि खाली बंदरातली जहाजं भोंगा वाजवून उत्तर द्यायची. खोटं वाटत असेल तर मृणाल वानखेडेला विचारा. ती नागपूरची, खात्यात नवी लेक्चरर. मी सरांकडे पीएचडी करणारा पुणेकर. ‘सुस्कारे सर’ हे नाव तिनंच ठेवलं.

डेटाबेस हा त्यांचा विषय. तरुणपणी जर्मनीत त्यांनी जे लिहून ठेवलं त्याच्या जोरावर निम्म्या जगाच्या बँका चालतात, असं मी तरी सगळ्यांना सांगायचो. आता मात्र जिना चढणं हीच त्यांना एक कारकीर्द वाटे. वर पोचले की कठडा धरून म्हणायचे, “यंत्राचं बरं आहे. त्याला दमायला कुणी शिकवलं नाही.”

मीटिंगमधून तर ते खाणीतून आल्यासारखे बाहेर पडत. “तिथे माणसं माहिती साठवत नाहीत हो, सांडतात.”

मग डॉट-कॉमचा फुगा फुटला, विद्यार्थी आटले आणि आमच्या विषयाची एकच जागा ठेवायची असं ठरलं. सर, नाही तर मृणाल. नोकरी गेली की तिचा व्हिसाही जाणार होता.

मृणाल तडक त्यांच्या खोलीत गेली. चहाचं निमित्त करून मीही घुसलो.

“सर, तुमच्याच पुस्तकात आहे. डेटाबेसमध्ये दोन कामं एकमेकांत अडकली, की ज्याचं कमी झालंय त्यानं माघार घ्यायची. मग मीच जाते. इट्स ओन्ली फेअर.”

सरांनी कप बाजूला सरकवला. “नियम बरोबर आहे, डॉक्टर वानखेडे. पण माघार घेणाऱ्याचं अर्धवट काम पुसलं जातं. माझं पूर्ण झालंय, ते आता कुणालाच पुसता येणार नाही. तुमचं अर्ध्यावर आहे.”

“पण सर...”

“वाद घालायचा तर मला सरळ बसावं लागेल. एवढा छळ नका करू.”

विभागप्रमुखांनी राजीनाम्याचं कारण विचारलं तेव्हा सर म्हणाले, “थकलो.” त्यांच्याकडे बघून कुणाला दुसरा प्रश्नच सुचला नाही.

ते जर्मनीला गेले. मजल्यावर आम्हीच उरलो, ग्रँटचे अर्ज भरभरून वाकलेले. पुढच्या वर्षी मृणालचं काम तडीस गेलं, तसं तिनं ते सरांना धाडलं. उत्तर इतकं लांब आलं की प्रिंटरनं मध्येच हात टेकले. पानोपानी शंका, दुरुस्त्या, ‘इथे पुन्हा विचार करा’.

“थकले होते म्हणे!” मृणाल ओरडली. “लबाड! अरे, थकलेला माणूस एवढं वाचतो का?”

मी हसलो. ती हसली नाही. कागद उचलून तिनं खोलीचं दार लावून घेतलं, आणि आतून सरांसारखाच एक सुस्कारा ऐकू आला.