टेबलावरचं बिऱ्हाड

संध्याकाळी टेबल रिकामं करून घरी जाणं ज्याला जमत नाही, अशा माणसाला देवाने नोकरीच देऊ नये. आणि दिलीच, तर माझ्या बाजूला तरी बसवू नये. आमच्या ऑफिसातल्या काकांना ओळखणारं कुणीही हे मत खोडून काढणार नाही. विम्याचे दावे तपासायचं आमचं काम. पूर्वी ऑफिस ऐसपैस होतं, ज्याचं त्याला टेबल होतं. मग ते वसई पूर्वेला, सातिवलीच्या गोदामांपलीकडच्या एका काचेच्या इमारतीत आलं आणि त्याबरोबर नवा नियम आला: कुणाचंही टेबल कुणाचं नाही. सकाळी मोबाइलवर जागा बुक करायची, मिळेल तिथे बसायचं आणि जाताना टेबल असं पुसून ठेवायचं की इथे कुणी बसून गेलं याचा पुरावा उरू नये. कंपनी याला लवचिकता म्हणायची, आम्ही संगीतखुर्ची म्हणायचो. काका काहीच म्हणायचे नाहीत. ते सरळ बिऱ्हाड घेऊन यायचे.

बिऱ्हाड हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. काका वसई पश्चिमेच्या वाडीतले, केळी-नारळाच्या बागायतदार घरातले. दोन्ही खांद्यांवर दोन कापडी पिशव्या अडकवून ते यायचे आणि गारुड्याने पेटारा उघडावा तसे एकेक जिन्नस बाहेर काढायचे. पायाखाली घ्यायला लाकडी पाट, पाठीला उशी, तांब्याची बाटली, सुपारीचा डबा, नेलकटर, बोटभर उंचीचा गणपती आणि भिंतीवरचं कॅलेंडर. भिंत नव्हती, म्हणून कॅलेंडर आमच्या दोघांच्या मधल्या पार्टिशनवर, तेही माझ्या बाजूने. "असू दे गं, तुलाही तिथी कळेल," असं वर उपकाराच्या सुरात. हे सगळं मांडून होईपर्यंत माझा पहिला चहा संपलेला असायचा. संध्याकाळी तोच सोहळा उलट्या क्रमाने. पाटावर पाय ठेवून बसलेल्या काकांकडे पाहून नवीन माणसाला वाटायचं की आता यांच्यापुढे केळीचं पान मांडणार.

मोबाइलवरच्या बुकिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. ते एसटीतल्यासारखा रुमाल टाकायचे. सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीजवळच्या टेबलावर चौकटीचा रुमाल पसरायचा आणि मग निवांत खाली चहाला जायचं. एकदा नालासोपाऱ्याहून येणारी एक नवी मुलगी तो रुमाल बाजूला सारून बसली. काका परत आले.

"अगं, रुमाल आहे ना!"

"पण काका, मी ॲपवर बुक केलंय. हे बघा ना, सीट माझ्या नावावर दाखवतेय."

"ते तुझ्या मोबाइलमध्ये आहे. रुमाल टेबलावर आहे. बसायचं कुठे आहे आपल्याला?"

मुलीने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा रुमालाकडे. ती उठली, आणि खिडकीजवळची दुसरी जागा मी आधीच बुक केलेली असल्याने काका पुन्हा माझ्याच वाट्याला आले.

खुर्चीचंही तेच. सगळ्या खुर्च्या एकसारख्या, म्हणून त्यांनी आपल्या खुर्चीच्या पायाला लाल दोरा बांधला. विक्री विभागातल्या टवाळांनी एके दिवशी मजल्यावरच्या सगळ्याच खुर्च्यांना लाल दोरे बांधले. दुसरा कुणी चिडला असता. काका शांतपणे एकेक खुर्ची बसून पाहत सुटले. रिकाम्या संपल्या तशा भरलेल्या. "जरा उठतोस? दोन मिनिटं." ज्याने दोरे बांधले होते तोही निमूट उठला. जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला मीटिंगच्या खोलीतून काकांचा समाधानी आवाज आला, "ही माझी!" आत मीटिंग चालू होती.

पण मला खरा ताप व्हायचा तो त्यांच्या कानांचा. माझ्या फोनवर कोण बोलतंय, काय बोलतंय, हे सगळं त्यांना ऐकू यायचं आणि प्रत्येक दाव्यावर त्यांचं मत असायचं. एकदा एका गृहस्थांची गाडी झाडावर आदळली होती. मी तपशील विचारतेय, तोच पार्टिशनपलीकडून आवाज आला, "झाड कुठलं ते विचार. नारळ असेल तर चूक गाडीची. शेवगा असेल तर तो आपणहूनच गाडीवर पडला असेल." फोनवरच्या गृहस्थांनी ते ऐकलं आणि उत्साहाने म्हणाले, "हो हो मॅडम, शेवगाच होता!" त्या एका शेवग्याने मला आठवडाभर छळलं.

शेवटी काका अडकले ते केळ्यांमुळे. वाडीतला वेलची केळ्यांचा एक घड त्यांनी आम्हा सगळ्यांना वाटायला आणला, पिकायला ऑफिसातल्या आपल्या लॉकरमध्ये ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत साफ विसरून गेले. सुट्टीनंतर मुंबईहून मोठे साहेब पाहणीला आले. "आणि हे आमचे लॉकर," म्हणत प्रशासनाच्या मॅडमनी नेमकं तेच दार उघडलं. आतून चिलटांचा एक ढग उठला आणि साहेबांच्या चेहऱ्यावर जाऊन बसला. त्याच संध्याकाळी काकांना सांगण्यात आलं की निवृत्तीपर्यंत त्यांनी घरूनच काम करावं. काकांनी दोन्ही पिशव्या भरल्या, कॅलेंडर गुंडाळलं आणि ते निघून गेले. मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

काही आठवड्यांनी त्यांचा लॅपटॉप बिघडला. नवा पोचवायला मी माझ्या स्कूटरवरून गेले. नायगावला घरी जाताना थोडी वाट वाकडी करावी लागणार होती, एवढंच. वाडीतलं घर मोठं होतं, पण माणसं त्याहून जास्त. काका शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून बसले होते. मी टेकते न टेकते तोच पुतण्याची बायको आली. "काका, उठता का जरा? ब्लाऊज आजच द्यायचाय." काका उठून ओटीवरच्या झोपाळ्यावर गेले. तिथे मुलांना खेळायचं होतं. मग ते मागच्या पायरीवर जाऊन बसले. कुणी त्यांच्याशी वाईट वागत नव्हतं. तिथे सगळेच एकमेकांना असं उठवत होते.

"आम्ही पाच भाऊ," पायरीवर मला जागा करून देत काका म्हणाले. "अंथरूण सामाईक, सायकल सामाईक. शाळेतला बाकसुद्धा धाकट्याबरोबर. नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी ड्रॉवरची किल्ली दिली. ती मी घरी आणून आईला दाखवली होती. म्हटलं, हे बघ, हे एकट्याचं." मग घाईघाईने म्हणाले, "तक्रार नाही हं. घर भरलेलं आहे, चांगलंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी प्रशासनाच्या मॅडमकडे गेले. "काकांना परत बोलवा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त तर तुम्हीच ओरडत होतात!"

"हो ना. बाजूला मीच बसते. मला चालतंय म्हटल्यावर इतरांचं काय जातंय?"

त्यांनी बराच वेळ पेन आपटलं. "केळं एकसुद्धा दिसता कामा नये," एवढीच अट घातली.

काका परत आले. ते सुधारून आले असते तर सांगायला बरं वाटलं असतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या एका ग्राहकाला परस्पर धीर दिला आणि पाट माझ्या पायावर ठेवला. निवृत्तीपर्यंतचे महिने त्यांनी मला पुरेपूर वैताग दिला. निरोपाच्या दिवशी पिशव्या मीच खाली नेऊन दिल्या.

मागच्या शनिवारी त्यांनी आग्रहाने घरी बोलावलं. भावांनी आणि पुतण्यांनी विहिरीजवळची पंपाची जुनी खोली रिकामी करून, चुना लावून त्यांना दिली होती. वादळात पडलेल्या फणसाचं लाकूड कापून सुताराकडून टेबल करून घेतलं होतं. चांगलं रुंद, पिवळसर, गुळगुळीत. त्यावर काहीच नव्हतं.

"इथून कुणी उठवत नाही," काका म्हणाले. त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला. मग समोर दुसरी खुर्ची ओढून म्हणाले, "तुझं काही काम राहिलं असेल तर कर ना बसून. मी मध्ये बोलणार नाही."

मी बॅगेतला लॅपटॉप काढून उघडला. काका समोर बसले, पेपर वाचू लागले आणि खरोखरच बोलले नाहीत. बाहेर केळीची पानं वाजत होती. मी टाइप करत राहिले. मध्येच त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पान उलटायलाही जपत होते, मला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून.

मला ते सहन होईना. शेवटी मीच म्हटलं, "काका, हा एक दावा बघा ना. मला काही कळतच नाहीये."

दावा अगदी सरळ होता. काकांनी पेपर खाली ठेवला आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली.