कोचला वेगळा कप

क्वामेला मी चहा कागदी कपात दिला. बाकी सगळ्यांना चिनी मातीच्या कपबशा. चुकून नाही. कप कमी पडले म्हणूनही नाही, कपाटात अजून सहा होते.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधलं आमचं अपार्टमेंट. पोरांच्या सॉकर टीमचा सीझन संपला म्हणून मी टीममधल्या मराठी पालकांना घरी बोलावलं होतं, आणि कोचला. क्वामे घानाचा. आठवडाभर एका कंपनीची शटल बस चालवतो, शनिवारी आमच्या पोरांना शिकवतो. तो आत आला तशा सुलभाकाकू, एका मुलाची आजी, किचनमध्ये माझ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "त्याला वेगळ्यात दे गं बाई. काय काय खात असतील हे लोक."

मी "हो काकू" म्हणाले. लगेच. विचारसुद्धा केला नाही.

आता मी कोण, ते ऐका. मी नागपूरची. बौद्ध. माझ्या आज्याला गावात जातीने हाक मारायचे, नावाने नाही. सातवीत मी एका मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची. तिच्या आईने माझा कप मागच्या खिडकीत ठेवलेला. कान तुटलेला. चहा प्यायचा, मीच विसळायचा, मीच खिडकीत ठेवायचा. एकदा मी दुसऱ्याच कपाला हात लावला. "अगं ए, तो आमचा आहे!" ती ओरडली. मैत्रीण वहीत बघत राहिली. घरी जाऊन मी आईलाही सांगितलं नाही. माझीच चूक झाली असं वाटलं मला.

अमेरिकेत आलो तेव्हा नवऱ्याने आणि मी ठरवलं, इथे कुणाला कळू द्यायचं नाही. आमच्या आडनावावरून पत्ता लागत नाही. काकूंनी पहिल्याच भेटीत कुलदैवत विचारलं, मी ठोकून दिलं एक. बाबासाहेबांचा फोटो बेडरूमच्या कपाटात गेला. नील, माझा दहा वर्षांचा मुलगा, त्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

तर क्वामे तो कप घेऊन सोफ्याच्या कडेला बसला. पोरांनी त्याच्या जर्सीबद्दल विचारलं आणि गडी खुलला. त्याच्या शहराचा क्लब. आजोबा त्यात खेळलेले. त्या काळी शहरातल्या ग्राउंडवर गोरे साहेब काळ्या माणसाला खेळू द्यायचे नाहीत. गवत कापायला आणि चुन्याच्या रेषा मारायला मात्र हेच लागायचे! मग शिंपी, हमाल, गवंडी असल्या लोकांनी शहराबाहेरची झाडी तोडून स्वतःचं ग्राउंड केलं. अनवाणी खेळले. साहेबांची टीम कितीतरी वर्षं यांच्याशी मॅचच घेईना. घेतली, तेव्हा हरली. पुढे क्लबने देशाची लीग जिंकली, पुन्हा पुन्हा जिंकली. शेवटी अख्ख्या आफ्रिकेचा कप आणला. त्या दिवशी क्वामेचे वडील शाळा बुडवून मिरवणुकीतल्या ट्रकच्या टपावर चढले होते. घरी येऊन मार खाल्ला, पण आजोबांनी मारताना हसू आवरलं नाही म्हणे.

"सो दे जस्ट मेड देअर ओन क्लब?" नीलने विचारलं. पोरगं हरखून गेलं होतं.

क्वामे माझ्याकडे वळला. इंग्रजीत म्हणाला, "तुमच्या देशातही जातीवरून असं होतं ना, मी वाचलंय. तुमच्या घरच्यांनी काय केलं तेव्हा?"

मी तोंड उघडायच्या आत काकू मराठीत म्हणाल्या, "आता कुठे राहिलंय तसलं? उलट त्यांचेच लाड चाललेत. आपला काय संबंध त्याच्याशी, नाही का गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "हो ना काकू" एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले. पण नील बघत होता. आणि क्वामेच्या हातात मी दिलेला तो कप होता. मेले मी शरमेने.

"काकू, मी त्यांच्यातलीच आहे," मी म्हणाले. "महारांची."

काकूंनी हातातला अर्धा वडा बशीत ठेवला. नवऱ्याने मान खाली घातली. वीस मिनिटांत घर रिकामं. सगळ्यांना म्हणे सकाळी लवकर उठायचं होतं. रविवारी!

क्वामेला दारात गाठलं. "तो कप मी मुद्दाम दिला. सॉरी," म्हणाले. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "ओके" म्हणाला नाही. बरं झालं नाही म्हणाला ते.

पुढच्या सीझनला चार घरांनी आपल्या पोरांची नावं टीममधून काढून घेतली. "समाधान झालं तुझं?" नवरा म्हणाला. मी नीलला समोर बसवून सगळं सांगितलं, अगदी आज्यापासून. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यू लाइड टू मी?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

काकूंना दोष देऊन मला सुटता येत नाही. त्यांना वेगळ्या कपाचं दुखणं ठाऊक नव्हतं. मला सातवीपासून ठाऊक होतं, आणि तरी मी केलं. त्यांच्यात बसायला जागा मिळावी म्हणून केलं. ती जागा मला आता नको. ऑफिसात, मंडळात, ग्राउंडवर, जो भेटेल त्याला पहिल्याच दिवशी सांगणार मी कोण ते. विचारलं नाही तरी सांगणार. ज्याला उठून जायचं, त्याने खुशाल जावं.