पार्सलवाल्याची छत्री

घरात सगळे त्याला पार्सलवाला म्हणत. हे नाव ताईनं पाडलेलं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून त्यानं एकही पार्सल नीट पोचवलं नव्हतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे इतरांच्या आधी तो स्वतःच म्हणून टाकी. आपणच म्हटलेलं जरा कमी लागतं, असा त्याचा अनुभव होता.

काम असं, की ज्याच्या पेशीत एखादं जनुक बिघडलंय, तिथं चांगलं जनुक नेऊन टाकायचं. विषाणूंना हे उत्तम जमतं. पण त्यांच्यावर भिस्त ठेवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या, असं याचं मत. म्हणून हा तेलकट रेणू वापरी. बारीक नळीत एकीकडून रेणू आणि दुसरीकडून जनुक सोडलं, की रेणू आपणहून जनुकाभोवती गोळा होत आणि पुडी तयार.

"आपोआप होतं, तर तुला पगार कशाचा देतात रे?" ताईनं विचारलं होतं.

ताई शिवणकाम करी. तिच्या डोळ्यांत एक जनुक उपजतच बिघडलेलं, आणि नजर कडेकडून आक्रसत चाललेली. आईबाप तेच, पण याचे डोळे धडधाकट, चष्मासुद्धा नाही. त्याची त्याला लाज वाटे.

दर रविवारी तो तिच्याकडे जाई. दारामागच्या कोपऱ्यात वर्षभरापासून पडद्याचा एक पांढरा दांडा उभा असे. त्याला छत्री अडकवायची आणि विचारायचं, "पडदा कधी लावायचा? मी लावून देतो."

"लावू सावकाश. तुझं पार्सल झालं का?"

"होतंय, होतंय."

गेल्या वर्षी मात्र ती वेगळंच बोलली होती. "डॉक्टर म्हणतात, थोडं दिसतंय तोवर काठीनं चालायला शिकून घ्या. शिकू का?"

"काठी कसली घेऊन बसलीस! होतच आलंय आमचं," हा छाती फुगवून म्हणाला. होत काहीच आलं नव्हतं. पाण्यात झकास दिसणारी पुडी रक्तद्रवात टाकली, की पिठासारख्या गाठी धरायची. पण शब्द तोंडून गेला होता. मग ताईनं काठीचा विषय काढला नाही आणि यानंही. पार्सलचं विचारलं की हा ताकास तूर लागू देत नसे.

या आठवड्यात त्यानं पुडीला बाहेरून गुळगुळीत लेप दिला. रक्तातलं काही म्हणता काही चिकटेना! तो खोलीभर नाचला, पंख्याला हात लागेल इतका. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशींनीही पुडीला दारात उभं केलेलं नव्हतं. ज्याला काहीच चिकटत नाही, त्याला आत कोण घेणार?

याला हसू आलं, आणि मधेच थांबलं. ताईकडे जाऊन आपण दर रविवारी हेच करतो की, गुळगुळीत बोलून सटकतो! आपल्या एका फुशारकीपायी तिचं शिकायचं वर्ष वाया गेलं. उद्या जिन्यावरून पडली तर आपण काय करणार?

रविवारी छत्री अडकवून तो तिच्या प्रश्नाची वाट न बघताच बोलला. घोकून आणलेली प्रस्तावना जागच्या जागी विसरला. "ताई, ते पार्सल तुझ्या डोळ्यांपर्यंत वेळेत नाही पोचायचं. कदाचित कधीच नाही. मी गेल्या वर्षी उगाच बोललो गं. तू काठीचं शिकून घे." आणि एवढा मोठा बाप्या मुसमुसून रडायला लागला.

ताईनं कात्री खाली ठेवली. उठली, दारामागे गेली, आणि तो पांढरा दांडा उचलला. छत्री धाडकन पडली. ताई दाराबाहेर पडली. टक् टक् करत जिना उतरली, वळली, तशीच वर आली. भिंतीला एकदाही हात लावला नाही.

हा दारात तोंड उघडं टाकून उभा.

"वर्ष होत आलं मला शिकून," ताई म्हणाली. "तू एवढ्या उमेदीनं बोललास, तुझं मन कसं मोडायचं? ठेवली दारामागे. म्हटलं, दिसेल त्याला तेव्हा दिसेल."

"मला वाटलं, पडद्याचा दांडा..."

"तर! दर रविवारी छत्री अडकवतोस तिला. आणि डोळे म्हणे माझे चाललेत."

तो रडता रडता हसला. ताईही हसली. ती आत यायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली.

"आधी छत्री उचल ती," ती म्हणाली. "मला दिसत नाहीये, कुठं पडलीय."