गंगी दर पानावर पडते

"अरे, ही तर गंगीच!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला. माइक माझ्या हातात होता. वाक्य अर्धं बोलून झालं होतं. उरलेलं अर्धं तोंडातच राहिलं.

गंगी कोण, ते सांगते. कशेळीला खाडीच्या बाजूला नवे टॉवर झालेत. त्यातल्या एका क्लबहाउसमध्ये अ‍ॅनिमे-मांगाचा, म्हणजे जपानी कार्टून आणि चित्रकथांचा, मेळावा होता. पोरापोरींनी जपानी ढंगात स्वतः काढलेल्या चित्रकथांची स्पर्धा. गोष्ट कशी रचली आहे, पात्रं कशी घडत जातात, हे बघायला तीन परीक्षक. त्यातली एक मी.

गंगी ही त्यातल्या एका चित्रकथेतली मोलकरीण. गावाकडची. हिरो जग वाचवायला निघालेला असतो आणि ही चहाचा ट्रे घेऊन येते, घसरून पडते. पडली की म्हणते, "मना काय म्हाईत न्हाय!" जवळजवळ दर पानावर पडते. पोरांना ती फार आवडली होती. चित्रकथा पडद्यावर दाखवली तेव्हा टाळ्या गंगीलाच.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "चितरं एक नंबर हायेत. हिरो पन बरा घडवलाय. पन ही गंगी..." 'हायेत' ऐकूनच खसखस सुरू झाली होती. मी दामटत पुढे गेले, "हिला काय पायजे ते कुनाला म्हाईतच न्हाय..." आणि मग ती आरोळी आली.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. लाज नव्हती ती. लाज वाटायला मी काही केलंच नव्हतं.

तिथे मी पोचले कशी, तर ती गंमतच आहे. मी मानकोलीला एका गोडाउनात रिटर्नच्या टेबलावर आहे. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल परत पाठवला की तो आमच्यापुढे येतो. खोक्यावर परत पाठवायचं कारण असतं. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं, कारण वाचून माल फेकायचा नाही. खोका फोडा, वस्तू हातात घ्या, मग ठरवा. लोक काहीही लिहितात. साडी नेसून लग्न उरकतात आणि लिहितात, रंग वेगळा आला.

एकदा चित्रांची पुस्तकं परत यायला लागली. सगळ्यांवर एकच कारण, पुस्तक उलटं बांधलंय. सुपरवायझरने एक उघडलं. पहिल्या पानाच्या जागी गोष्टीचा शेवट. त्याने सगळ्या गठ्ठ्यावर 'छपाई खराब' असे स्टिकर मारले आणि भंगाराकडे बोट दाखवलं.

माझ्या शेजारी शबाना असते. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घर, आजोबांचे कापडाचे लूम होते. तिने एक पुस्तक उचललं, उजवीकडून उघडलं आणि हसत सुटली. "उलटं कुठं? ये तो सीधा है. आमचा कायदा असाच असतो." कायदा म्हणजे त्यांची लहानपणीची बाराखडीची चोपडी. उजवीकडून डावीकडे वाचायची. जपानी मांगाही तशीच वाचायची असते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सुपरवायझरला सांगितलं तर तो म्हणाला, "स्टिकर लग गया ना? फिर खराब है."

तरी भंगाराची गाडी येईपर्यंत जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी त्या पुस्तकांवर वाकून असायचो. माझं इंग्रजी बेताचं. पण चित्रं थांबूच द्यायची नाहीत. मग फोनवर अ‍ॅनिमे सुरू झाले, हिंदीतले. खारबावला घरी आई म्हणायची, "कार्टून बघते येवढी घोडी." म्हणू दे. त्यात एखादं भित्रं पोर असायचं, ते शेवटपर्यंत शूर व्हायचं नाही, भीत भीतच उभं राहायचं. एखादी दुष्ट बाई असायची, आणि कितीतरी भागांनंतर तिचं घर दाखवायचे, की आपली बोलतीच बंद. मी त्यावर लिहायला लागले. फोनवरच, मराठीत, टोपणनावाने. पात्राला काहीतरी हवं असतं. ते मिळवताना ते बदलतं नाहीतर मोडतं. यातलं काहीच होत नसेल तर ते पात्र नाही, सामान आहे. असं लिहायचे. लोक वाचायला लागले. वाद घालायला लागले. मला मजा यायला लागली.

मेळाव्याचा आयोजक ईशान. त्याच टॉवरमध्ये राहणारा. त्याने माझं पेज वाचून मेसेज केला, 'तुमचं विश्लेषण खूप मॅच्युअर आहे, परीक्षक म्हणून याल का?' मी रविवारची ड्युटी बदलून घेतली. इस्त्रीचा ड्रेस घातला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ठरवायला बोलावलं होतं, खोके उचलायला नाही.

मला बघून त्याचा चेहरा जरासा पडला. "तुम्हीच का?" मग विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "गोडाउनात हाय." तो बाकीच्या दोन परीक्षकांकडे वळून म्हणाला, "मॅडम लॉजिस्टिक्समध्ये आहेत." मला वाटलं, जाऊ दे, गोष्टींवर बोलू तेव्हा कळेल.

कळलं ते असं.

हॉल हसत होता. ईशान लगबगीने आला आणि माझ्या हातातून माइक काढून घेतला. हसतमुखाने. पोराच्या हातातली कात्री काढून घेतात तसा. लोकांकडे बघून म्हणाला, "मॅडमना म्हणायचंय, गंगी इतकी धमाल आहे की तिला अजून थोडे सीन हवे होते!" टाळ्या. ज्याची चित्रकथा होती तो मुलगा उठून वाकला.

मी म्हटलं, "मी असं न्हाय बोलले."

माइक नव्हता. पहिल्या रांगेपलीकडे गेलंच नसेल.

ईशान माझ्या कानाशी वाकला. "प्लीज. तुम्ही फक्त मार्क द्या. बोलायचं मी बघतो."

हे वाक्य मला झोपेतही पाठ आहे. बोलायचं मी बघतो. डोकं माझं घ्यायचं आणि तोंड त्याचं लावायचं. माझ्या डोळ्यांना दिसलेलं यांना हवं होतं. पेजवर हवं होतं, मेळाव्याच्या पोस्टरवर हवं होतं. फक्त ते माझ्या आईच्या बोलीत नको होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने माझं मतच बदलून टाकलं. जिच्यावर हसण्याबद्दल मी तक्रार करत होते, तिला आणखी पाडा म्हणून माझ्याच नावाने सांगितलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

शेजारची परीक्षक बाई कुठेतरी अ‍ॅनिमेशन शिकवायची. हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. मुलं आहेत." मुलं! माझ्याच वयाची होती सगळी.

मी उठले. टेबलाला वळसा घालून पुढे गेले. माइक मागितला नाही. गोडाउनात कन्व्हेअरच्या आवाजावर बोलायची सवय आहे, माझा आवाज काही कमी नाही.

"आयका," मी म्हटलं, घरच्यासारखंच, 'पडते'ला 'परते' म्हणत. "गंगी पयल्या पानावर परते, शेवटच्या पानावर पन परते. मधी काय झाला तिचा? ती कुठं ऱ्हाते? तिला चा द्यायचा कंटाला येतो का? तिला मंजे हिरोचा काम कसा वाटतो? लिवनाऱ्याला म्हाईत न्हाय. त्याला जानायचाच न्हाय. त्याला ती परायला पायजे, बास. हा पात्र न्हाय, हा सामान हाय. या गोष्टीला मी पास करत न्हाय."

परत हसले. थोडे कमी, पण हसले. खोटं सांगत नाही, हॉल काही गप्प वगैरे झाला नाही. एकजण मोबाईल वर धरून शूटिंग करत होता. ईशान माइकवर म्हणाला, "ओके, ओके, व्हेरी पॅशनेट!" आणि निकालाकडे वळला. "आपल्या दोन्ही परीक्षकांच्या मते..." दोन्ही. मी तिथेच, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होते. बक्षीस गंगीलाच मिळालं. म्हणजे गंगीला नाही. तिला काढणाऱ्याला.

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. रिक्षासाठी उभी होते तेव्हा राग होताच. आणि इतकं वाईट वाटत होतं की सांगता येत नाही. मला या गोष्टी मनापासून आवडतात हो. ज्या लोकांना त्याच आवडतात, त्यांच्यात आपली जागा असेल असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ फिरला. वर लिहिलेलं, 'रिअल लाइफ गंगी'. शबानाने तिच्या फोनवर दाखवला, मग स्वतःच शिव्या घातल्या, मराठीत आणि उर्दूत. आईपर्यंतही पोचला. ती एवढंच म्हणाली, "गप ऱ्हाता आला नसता का तुला?" मी म्हटलं, "न्हाय." ती भाकऱ्या थापायला लागली.

मग ईशानचा मेसेज. 'तू लिहितेस इतकं सुंदर, मग तिथे असं का बोललीस? मी व्हिडिओ काढून टाकायला सांगतो. तू फक्त एक पोस्ट टाक, की गैरसमज झाला. पुढच्या वर्षी परत बोलावू. तू लिहून दे, वाचायला कुणीतरी असेल.'

अहोजाहोवरून एका दिवसात अगंतुगंवर. वरून उपकार.

पोस्ट मी टाकली. लिहून नाही, बोलून. गोडाउनाच्या मागे ट्रक लागतात तिथे उभी राहून फोन समोर धरला. टोपणनाव काढलं, आडनावासकट खरं नाव सांगितलं. त्या चित्रकथेबद्दल बोलले, जसं घरी बोलते तसं. चांगलं काय ते आधी सांगितलं, कारण चित्रं खरंच चांगली होती. मग गंगीवर आले. खाली घाण कमेंट आल्या, अजून येतात. वाचणारे बरेच सोडून गेले. त्यांना ती शुद्ध लिहिणारी बाई हवी होती.

हे मात्र मी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. तीही माझीच आहे, मेहनतीने कमावलेली. पण ती येते म्हणून मान आणि घरची बोली बोलते म्हणून हसं, हा सौदा मला मंजूर नाही.

ईशानला एका ओळीचं उत्तर पाठवलं: 'गैरसमज न्हाय झाला. मी बोलले तेच बोलले.'

कुणी बोलावो न बोलावो, मी गोष्टी बघणार आणि निकाल देणार. ज्या गोष्टीत माझ्यासारखी बाई नुसती पडायला ठेवली असेल, ती माझ्यासमोर आली की नापास. चित्रं कितीही सुंदर असोत. हॉल कितीही हसो.