काकूंचा पी.पी. नंबर

माझी लेक कोणालाही फोन लावण्याआधी मेसेज करून विचारते, "कॉल करू का?" मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. नव्वदच्या दशकात आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत फोन वाजला की आधी सहा घरं कान टवकारायची आणि मग तो कोणाचा ते कळायचं.

फोन एकच होता, शेजारच्या काकूंकडे. काळा, बोट घालून फिरवायचा. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहत. मूलबाळ नव्हतं, माहेरचे सासरचे सगळे दूरच्या खेड्यात. गल्लीतल्या प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेवर आणि बायोडेटावर काकूंचा नंबर असायचा आणि त्यापुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, बोलावून देतील. काकू रिसीव्हर बाजूला ठेवून कुंपणाशी येत आणि ओरडत, "अवं, फोन आला वं तुमचा! पाय उचला लवकर!" आपण धापा टाकत पोचेपर्यंत पलीकडच्या माणसाची निम्मी खबरबात त्यांनी काढलेली असे. बोलणं झालं की चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. "मी काय टेलिफोन ऑफिस उघडलं का?" असं त्या रोज कुरकुरत, आणि रोज दूध जास्तीचं घेऊन ठेवत.

मी नववीत असताना फोनच्या यादीत आमचा नंबर लागला. बटणांचा पांढरा फोन घरी आला, आईनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. बाबा म्हणाले, "इतक्यात कोणाले नंबर देऊ नका. त्या फोनानं काकूचं घर भरलेलं राहते. हळूहळू सांगू."

मला ते अजिबात पटलं नाही. इतकी वर्षं वाट पाहून फोन आला आणि तो वाजायचा नाही? मी पत्त्यांची वही काढली आणि कळमेश्वरच्या आत्यापासून सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं लिहिली. तेवढ्यावर माझं समाधान होईना. गल्लीत घरोघर चिठ्ठ्याही वाटल्या, पी.पी. नंबर आता आमचा द्या, आमच्या फोनात आवाज स्वच्छ येतो. ते खोटंच होतं. खरखर दोन्हीकडे सारखीच होती, मला फक्त मिरवायचं होतं.

आणि मी मनसोक्त मिरवून घेतलं. महिन्याभरात आमच्या फोनाला उसंत मिळेना. कुंपणाशी उभं राहून लोकांना हाका मारायचं काम आता माझ्याकडे आलं. बाबांनी मला चांगलंच झापलं, पण वाटलेला नंबर परत कसा गोळा करणार?

एका दुपारी आईनं केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांच्या बैठकीत लाइनमन बसला होता. काकूंनी ऑफिसात जाऊन तक्रार दिली होती.

"घंटी बिघडली वाटते भाऊ," त्या त्याला सांगत होत्या. "दोन हप्ते झाले, वाजूनच नाही राहिली."

त्यानं वायर पाहिली, ऑफिसातून फोन लावायला सांगितला. घंटी खणखणीत वाजली.

"काकू, फोन एकदम चांगला आहे," तो म्हणाला. "कोणी लावूनच नाही राहिलं, त्याले मी काय करू?"

"असं का," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

वड्यांची ताटली तिथेच ठेवून मी घरी पळाले. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. लाइनमन गेलेला दिसला तसा मी आमचा फोन उचलला आणि काकूंचा नंबर लावला. तोंडपाठ होता, पण आयुष्यात कधी लावला नव्हता. तो दुसऱ्यांना द्यायचा नंबर होता.

भिंतीपलीकडे घंटी वाजली. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"हॅलो!" केवढा आनंद होता त्या आवाजात. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "थांबा हं, ठेवू नका, बोलावते!"

फोन कोणासाठी तेही त्यांनी विचारलं नाही, रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग आमच्या खिडकीतून हाक ऐकू आली, "अवं, फोन आला वं तुमचा! पाय उचला लवकर!"

आई हात पुसत स्वयंपाकघरातून निघालीसुद्धा. मी तिला खुणेनं थांबवलं. काकू परत फोनवर आल्या.

"येऊनच राहिले, धरा जरा."

"काकू, मी बोलून राहिली, शेजारून," मी म्हटलं. "फोन तुमच्यासाठीच आहे."

 मग काकूंनी एकदम घाबरून विचारलं,

"माह्यासाठी? काहून वं पोरी, काय झालं?"