गाडी हाय ना

विझलेल्या स्टोव्हचा रॉकेलचा वास आला की मला आमची जुनी मॅटाडोर आठवते. वडिलांनी तिच्यात झोपायला फळी ठोकली होती, आईनं खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे शिवले होते. त्याच गाडीतून वऱ्हाडं गेली, भाताची पोती गेली, आणि गडाखाली पाचाडला गेलो की आम्ही तिच्यातच रांधून जेवायचो. कसलीही अडचण आली की वडील म्हणायचे, "गाडी हाय ना." मुंबईच्या डॉक्टरांनी आईला घरी न्या म्हटलं, तेव्हाही ते तेवढंच बोलले. दासगावला नदीकाठानं जाताना फळीवर निजलेली आई मला म्हणाली, "पडदा सार गो, सावित्री दिसू दे." पोलादपूरच्या अलीकडे तिला चहा हवासा वाटला. वडिलांनी गाडी कडेला घेऊन स्टोव्ह पेटवला, आलं ठेचून घातलं. कप घेऊन वळले, तर तिची नजर खिडकीवरच होती, पण पापणी हलत नव्हती. त्यांनी स्टोव्ह विझवला, कप तिच्या उशाशी ठेवला आणि तो सांडू नये म्हणून घरापर्यंत गाडी हळू हळू चालवली. पुढं वऱ्हाडाला ती गाडी कुणी बोलावली नाही. मढं नेलेल्या गाडीत नवरी कोण बसवणार? ती दारातच गंजली. आता घरात अडचण आली की मी दाराकडं बघते. "गाडी हाय ना" म्हणायला काही उरलेलं नाही.